मागे घेताना

जे आपल्याला दिसत नाही, त्याची जबाबदारी आपल्यावर येते का? नीतिशास्त्राच्या ग्रंथांत हा प्रश्न हेतू आणि अज्ञान अशा जड शब्दांत येतो. आमच्या डिंडोलीत तो रोज रस्त्यावर उभा असतो. एकेकाळचे हे खेडे आता सुरत महानगरपालिकेत सामावले आहे, पण गल्ल्या बऱ्याच ठिकाणी अरुंदच आहेत. विटा-वाळूची ट्रॅक्टर-ट्रॉली अशा गल्लीत सहज शिरते. परीक्षा होते ती बाहेर निघताना.

पुढे जाताना ट्रॉली ओढणाऱ्याच्या मागोमाग मुकाट्याने येते. मागे घेताना मात्र सगळे उलटे होते. ट्रॉलीचे शेपूट डावीकडे न्यायचे, तर स्टेअरिंग आधी उजवीकडे फिरवावे लागते आणि ती वळू लागली की लगेच सोडत आणून तिच्या मागे जावे लागते. जरा उशीर झाला की ट्रॉली कात्रीसारखी दुमडते. मग जोर लावून उपयोग नसतो. पुन्हा पुढे जाऊन सरळ व्हावे लागते. आखूड ट्रॉली अधिक अवघड, कारण ती चटकन फिरते. ज्याला आपण ओढतो तो आपले ऐकतो, ज्याला आपण मागे ढकलतो तो आपल्या मनाविरुद्ध वळतो, हे यंत्रशास्त्र आहे; पण नुसते यंत्रशास्त्र नाही.

बारडोली, चलथाणच्या साखर कारखान्यांकडे ऊसतोडीला खानदेशातून माणसे येत आली आहेत, बैलगाडीसकट, बायकामुलांसकट. गाडीत ओझे मागे जास्त झाले की ती उलाळ होते, हे त्यांना सांगावे लागत नाही. मोटारीमागच्या ट्रॉलीलाही तोच नियम: वजन चाकांच्या जरा पुढे हवे, नाहीतर वेगात ती डोलू लागते. ऊसवाहतुकीत ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या जोडतात. अशी गाडी मागे घेणे जवळजवळ अशक्यच. म्हणून तिच्या चालकाने रस्त्यात शिरण्यापूर्वीच विचार करायचा असतो. जितके अधिक आपण मागे जोडून घेतो, तितकी परतीची मोकळीक कमी होते.

विलायतेत कुटुंबे सुटीत मोटारीमागे फिरते घर, म्हणजे कॅरॅव्हॅन, जोडून निघतात. तेथे 1997 पासून परवाना घेणाऱ्यांना जड ट्रेलरसाठी वेगळी परीक्षा द्यावी लागे आणि तीत मागे घेऊन दाखवावे लागे. डिसेंबर 2021 मध्ये ती परीक्षा रद्द झाली. परीक्षा गेली, पण मागे उभ्या असलेल्या माणसाचा धोका तेवढाच राहिला. नियम सैल झाला म्हणून कर्तव्य सैल होत नाही.

आपल्याकडचा दंडक साधा आहे: कोणाला धोका होणार नाही याची खात्री करूनच वाहन मागे घ्यावे. यावर कोणी म्हणेल, ट्रॉलीच्या फाळक्याआड खेळणारे मूल चालकाला दिसतच नाही, मग त्याचा दोष कसला? मला वाटते, न दिसणे हा दोष नव्हेच. दिसत नसताना हलणे हा दोष. ॲरिस्टॉटलनेही हा भेद केला होता: अज्ञानाला जो स्वतःच कारण झाला, त्याला अज्ञानाची सबब नाही. खाली उतरून पाहून यायला दोन मिनिटे लागतात. ती ज्याने वाचवली, त्याने आपले अज्ञान स्वतः निवडले.

मागे उभे राहून कोणी "आवा दे, आवा दे" म्हणत असेल तर? जबाबदारी वाटली जाते, पण संपत नाही. आरशात तो माणूस दिसेनासा झाला की चाक थांबले पाहिजे, मग त्याचा आवाज कितीही खात्रीचा असो.

हे सारे मला आपल्या घरांविषयी वाटते. उधना-जळगाव मार्गाने, नवापूरची सीमा ओलांडून, कितीतरी कर्ते पुरुष आपले बिऱ्हाड मागे जोडून सुरतेत आले. येताना घर निमूट मागे आले. पुढे काम सुटते, भाऊबंद बोलावतात, शेताची ओढ लागते. आणि कर्ता ठरवतो, परत जायचे. पण मधल्या काळात मुलांना गुजराती जिभेवर बसलेली असते, सुनेला शेजार मिळालेला असतो, म्हाताऱ्या आईचे औषधपाणी इथल्या दवाखान्यात चाललेले असते. परत जाणे म्हणजे येण्याचीच उलटी वाट नव्हे. डावीकडे न्यावे म्हटले, तर घर उजवीकडे वळते आणि कर्ता म्हणतो, माझे कोणी ऐकत नाही!

परत जाऊ नये, असे मी म्हणत नाही. कधी जावेच लागते. पण त्यापूर्वी थांबावे, खाली उतरावे, मागे जाऊन स्वतः पाहावे आणि घरातले ज्या टोकाला उभे आहेत तिथून त्यांना काय दिसते ते विचारावे. त्यांतले कोणी "थांबा" म्हणाले, तर थांबावे. ओढण्याचा मान ज्याने घेतला, त्याच्याकडे हे ऐकण्याचे कर्तव्यही आलेच.