अज्ञान पालनकर्ता

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



दरवर्षी जयंतीच्या अंकात मी गाणगापूरच्या नाहीतर नरसोबावाडीच्या वारीबद्दल चार ओळी लिहितो. या वेळी संपादक मंडळींना आधीच सांगून ठेवलं, की यंदाचा विषय वेगळा आहे आणि जरा कडू आहे. विषय आहे गांजा. आपल्या शहापूर-मुरबाडकडच्या पंधरा-सोळा वर्षांच्या पोरांच्या हाती लागणारा गांजा. दत्तजयंतीला हे कशाला, असं ज्यांना वाटेल त्यांनी शेवटपर्यंत वाचावं, एवढीच विनंती.

मी बी. कॉम. झालेला, उभी हयात बँकेत कारकुनी केलेला माणूस. मुरबाडला होतो तेव्हा पीककर्जाच्या कामात सातबारा रोज हाताखालून जायचा. त्यावर काही नावांपुढे ‘अ. पा. क.’ अशी अक्षरं असतात. बाप गेला, वारस लहान आहे, म्हणून आईचं किंवा चुलत्याचं नाव ‘अज्ञान पालनकर्ता’ म्हणून लागतं. कायद्याच्या मराठीत अठरा वर्षांखालचा तो ‘अज्ञान’. पोथीतला शब्द आणि तलाठ्याच्या दप्तरातला शब्द एकच, याची तेव्हा मला गंमत वाटायची.

कॉलेजात आम्हाला मोहरीबीबी विरुद्ध धरमोदास घोष हा खटला होता. १९०३ साली प्रिव्ही कौन्सिलने निकाल दिला, की अज्ञानाने केलेला करार मुळातच रद्दबातल. बँकेतही तेच. दहा वर्षांवरच्या मुलाला स्वतःचं बचत खातं चालवू द्यायला रिझर्व्ह बँकेची हरकत नाही, पण ओव्हरड्राफ्ट द्यायचा नाही. ज्याला फेडीचा अंदाज नाही, त्याला उचल करू द्यायची नाही, हे त्यामागचं साधं तत्त्व.

आता माझा प्रश्न असा. पंधरा वर्षांच्या मुलाने गांजाचा पहिला झुरका मारला, तर तो दोष कुणाच्या खात्यावर लिहायचा? वाल्या कोळ्याला घरच्यांनी सांगितलं, की तुझ्या पापात आम्ही वाटेकरी नाही. ते बरोबरच होतं, कारण वाल्या सज्ञान होता. अज्ञान मुलाच्या घरच्यांना तसं हात झटकून मोकळं होता येतं का? मला वाटतं, नाही. असं का वाटतं, ते सांगतो.

माझ्या धाकट्या भावाचा मुलगा. त्याला विचारूनच लिहितोय, आणि नाव लिहायचं नाही ही त्याची अट आहे. दहावीला चांगले मार्क पडले म्हणून त्याला कल्याणला अकरावीला घातला. सकाळी आसनगावहून लोकल पकडायची, संध्याकाळी परत. सहा महिन्यांत पोरगा बदलला. डोळे लाल. रात्री-अपरात्री उठून डबे धुंडाळून खायचा. कबड्डी सुटली. अभ्यासाचं विचारलं की “हो काका, करतो” म्हणून नुसता हसायचा. आम्ही म्हटलं, वय आहे, प्रवासाचा शीण आहे.

पावसाळ्यात एकदा छत्री शोधताना त्याची सॅक माझ्या हातात आली. आत कागदाची पुडी होती. वास ओळखीचा होता. मी पुडी संडासात टाकली, वर दोन बादल्या पाणी ओतलं आणि कुणाला काही बोललो नाही. पुतणीचं लग्न ठरत होतं, मुरबाडची मंडळी बघायला यायची होती. घराचा लौकिक महत्त्वाचा. मुलाला वाचवलं, असंच मला तेव्हा वाटलं. ती माझी माया होती.

भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूताने यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगितले, त्यांत एक कपोत आहे. पारध्याच्या जाळ्यात पिलं सापडतात, ते बघून मादी मायेपोटी जाळ्यात उडी घेते आणि मागून नरही. पारधी सगळ्यांना घेऊन जातो. मी ही कथा कितीदा ऐकली, निरूपणात सांगितलीही. पण माया म्हणजे पालन नव्हे, हे तिच्यातून मला कधी कळलं नव्हतं. जाळं आधी बघायचं, पिलांना दाखवायचं, हे पालन.

पुढच्या दिवाळीनंतर मुलगा म्हणू लागला, की शेजारी त्याच्याबद्दल कुजबुजतात, मोबाइलमधून कुणीतरी त्याचं ऐकतं. मग घरचं जेवण बंद केलं. त्यात काहीतरी कालवलंय म्हणे. तीन-तीन रात्री झोप नाही. आम्ही आधी देवऋषी गाठला. अंगारा, उतारे, लिंबं. यात तीन आठवडे गेले. मग ठाण्याला मानसोपचार तज्ज्ञांकडे नेलं. त्यांनी दोनच गोष्टी विचारल्या. गांजा कधीपासून? आणि घराण्यात कुणाला असा त्रास होता का? भावजय बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “माझ्या मामांना होता. लग्नाच्या वेळी सांगितलं नव्हतं.” म्हणजे एक झाकलेली गोष्ट तिच्या माहेरची आणि एक माझी, मोरीत वाहून गेलेली.

डॉक्टरांनी समजावलं ते माझ्या भाषेत लिहितो. माणसाच्या मेंदूचं बांधकाम साधारण पंचविशीपर्यंत चालू असतं. पुढचा विचार करून ‘नको’ म्हणणारा कपाळामागचा भाग सगळ्यात शेवटी पुरा होतो. स्लॅब ओला असताना त्यावर कुणी ओझं ठेवत नाही. गांजातलं टीएचसी नावाचं द्रव्य नेमकं या ओल्या स्लॅबवर बसतं. लक्ष लागत नाही, नवीन वाचलेलं ध्यानात राहत नाही, कशाची उमेद वाटत नाही. ज्याच्या रक्तात मनाच्या आजाराची बाजू आधीच कच्ची आहे, त्याला धोका जास्त. स्वीडनमध्ये सैन्यभरतीच्या सुमारे ४५ हजार तरुणांची पंधरा वर्षं माहिती ठेवली होती. ती १९८७ साली प्रसिद्ध झाली. अठराव्या वर्षापर्यंत ज्यांनी पन्नासपेक्षा जास्त वेळा गांजा-चरस ओढला होता, त्यांच्यात स्किझोफ्रेनियाचं प्रमाण न ओढणाऱ्यांच्या सहापट निघालं.

इथे मी एक गोष्ट झाकणार नाही. त्या ओढणाऱ्यांतल्याही बहुतेकांना तो आजार झाला नाही. गांजा ओढणारा प्रत्येक जण वेडा होत नाही, आणि एका झुरक्याने कुणी मरत नाही. हे मी मुद्दाम लिहितो. कारण आपण पोरांना काय सांगतो? “एकदा ओढलास की खलास.” पोरगा बघतो, की वरच्या वर्गातला मुलगा दोन वर्षं ओढतोय आणि धडधाकट आहे. मग त्याचा आपल्या एकाही शब्दावर विश्वास राहत नाही, खऱ्या शब्दावरसुद्धा. आपण एकतर गप्प बसतो, नाहीतर खोटं घाबरवतो. दोन्हींत सत्य नाही.

तेव्हा पोरं जे प्रश्न विचारतात, त्यांची खरी उत्तरं आपल्याजवळ हवीत. पहिला प्रश्न, “अमेरिकेत तर कायदेशीर आहे.” खरं आहे. कोलोरॅडो राज्यात २०१२ साली लोकांनी तसं मत दिलं, पुढे इतर काही राज्यांत झालं, २०१८ साली कॅनडात झालं. पण अमेरिकेतल्या त्या राज्यांतही २१ वर्षांखालच्याला मौजेसाठी गांजा विकत नाहीत. म्हणजे ज्यांनी दार उघडलं, त्यांनीही अज्ञानाला बाहेरच ठेवलं.

दुसरा प्रश्न, “झाडपाला आहे, औषधी आहे.” धोतराही झाडच आहे. गांजाच्या झाडातल्या एका द्रव्यापासून फेफऱ्याच्या काही कठीण प्रकारांवर औषध निघालं आहे, पण ते डॉक्टर मोजून देतात आणि त्याने नशा चढत नाही. इंग्रज सरकारने १८९३ साली याच विषयावर एक आयोग नेमला होता. हजारावर साक्षी घेऊन त्याने सांगितलं, की बेताच्या सेवनाने फारसं नुकसान दिसत नाही, अतिरेकाने मात्र होतं. तो अहवालही खोटा म्हणायचं कारण नाही. पण बेत सांभाळायला शहाणपण लागतं, आणि शहाणपणाचा तो भाग सोळाव्या वर्षी डोक्यात अजून तयार व्हायचा असतो.

तिसरा प्रश्न आपल्याला जड जाणारा आहे. “महादेव घेतो, साधू घेतात, शेगावच्या महाराजांच्या तसबिरीत चिलीम आहे, मग आम्ही का नाही?” याला आपण ठरलेलं उत्तर देतो, की महादेवाने हलाहलही पचवलं, ते पिऊन दाखव. उत्तर चांगलं आहे. मी पुतण्याला ते दिलं. तेव्हा तो औषधांनी बराच सावरला होता, आम्ही दोघं संध्याकाळी ओट्यावर बसलो होतो. तो शांतपणे म्हणाला, “काका, पण निखारा मीच आणायचो ना?”

मला काही सुचेना. आपल्याला आठवत असेल, दत्तजयंतीपासून पौषी पौर्णिमेच्या म्हशाच्या जत्रेपर्यंत मंदिरामागच्या औदुंबराखाली गोसाव्यांचा मुक्काम असायचा. भजन संपलं की चिलीम फिरायची. आम्ही मंडळीही प्रसाद म्हणून एखादा झुरका घ्यायचो, मीही घेतला आहे. पुडीचा वास मला ओळखीचा वाटला तो त्यामुळेच. धुनी विझली असली, की मी या पोराला हाक मारायचो, “जा रे, चुलीतला निखारा आण.” दहा-अकरा वर्षांचा होता. चिमट्यात निखारा धरून, फुंकर मारत, किती जपून आणायचा! आम्ही कौतुकाने म्हणायचो, सेवा करतोय.

कल्याणला कुणी त्याच्या हातावर पुडी ठेवली, तो दोषी आहेच. पण त्या पुडीला त्याने हात लावला तेव्हा भीती का वाटली नाही, त्याचं उत्तर औदुंबराखाली आहे. साधूंची निंदा मला करायची नाही. ज्याने घरदार सोडलं, त्याचा हिशेब त्याच्याजवळ. आपण संसारी माणसं. आपल्याकडे पोरं बघत असतात.

आता थोडं व्यवहाराचं. २०१९ साली केंद्र सरकारने दिल्लीच्या एम्सकडून करवून घेतलेल्या पाहणीचा अहवाल आला. १० ते ७५ वयाच्या सुमारे ३ कोटी १० लाख भारतीयांनी वर्षभरात भांग, गांजा किंवा चरस घेतल्याचं त्यात दिसलं. म्हणजे हे आपल्या एकट्याच्या घरावर आलेलं नाही. १९८५ च्या कायद्याने गांजा जवळ बाळगणं आणि ओढणं गुन्हा आहे; ओढल्याबद्दल सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. पण त्याच कायद्यात, व्यसनी माणूस आपण होऊन उपचाराला आला तर खटल्यापासून संरक्षणाची तरतूदही आहे. त्यामुळे पोलिसांच्या भीतीने उपचार टाळू नयेत. आणि अज्ञान मुलाला डॉक्टरच्या सांगण्याशिवाय नशेचा पदार्थ देणाऱ्याला, २०१५ च्या बाल न्याय कायद्याने सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. हे कलम मी प्रथम वाचलं तेव्हा मला औदुंबर आठवला.

पोरगा अचानक बदलला, मित्र बदलले, घरातले पैसे कमी होऊ लागले, तर त्याला मारू नका आणि नशेत असताना बोलू नका. शुद्धीवर असताना, एकटा गाठून, जेवू घालून विचारा. सोडल्यावर पहिले एक-दोन आठवडे झोप येत नाही, चिडचिड होते, भूक जाते. तो मुलगा मुद्दाम करत नसतो. केंद्र सरकारचा १४४४६ हा व्यसनमुक्तीचा फोन फुकट आहे. पुण्याचं मुक्तांगण डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी १९८६ साली सुरू केलं, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांड्यांनी त्याला मोठी देणगी दिली. तिथे घरच्यांनाही बसवून समजावतात. आणि संशय, भास, भलतंसलतं बोलणं सुरू झालं, तर देवऋषी नको, थेट मानसोपचार तज्ज्ञ. देवळात नवस जरूर बोला, पण डॉक्टरकडे जायच्या वाटेवर.

पुतण्या आता मुरबाडच्या एमआयडीसीत कामाला जातो. रात्रीची गोळी चुकवत नाही. बारावी राहिली ती राहिलीच. मधली दोन वर्षं त्याला धड आठवत नाहीत. पूर्ण बरा झाला, असं मी लिहिणार नाही; डॉक्टरही तसं म्हणत नाहीत. पण घरात आता त्याच्यापासून काही झाकत नाही आणि तोही झाकत नाही.

मंदिराच्या बैठकीत मी ठराव मांडला, की आवारात चिलीम नको आणि कुठल्याही लहान मुलाला तसल्या कामाला लावायचं नाही. काही वडीलधारे रागावले, परंपरा मोडतो म्हणाले. त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण त्यांच्याही घरी नातवंडं आहेत, म्हणून हा लेख.

सातबाऱ्यावर मूल सज्ञान झालं, की अ. पा. क. चा शेरा कमी होतो. माझ्या पुतण्याचं ते वय कधीच होऊन गेलं. माझ्या नावापुढचा शेरा मात्र मी अजून कमी करून घेतलेला नाही. यंदाच्या जयंतीला निखारा मी स्वतः आणणार आहे, धुपाटण्यासाठी.

अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त.