धार कुठे लावायची, कुठे थांबवायची?



आजचं चिंतन : कठोपनिषद, अध्याय १, वल्ली ३, मंत्र १४.

यमराज नचिकेताला आत्मज्ञान समजावून सांगतायत. या मंत्रात त्या वाटेला वस्तऱ्याच्या धारेची उपमा दिली आहे. सॉमरसेट मॉम यांच्या १९४४ च्या ‘द रेझर्स एज’ या कादंबरीचं नाव इथूनच आलंय. आपण हा मंत्र वाचतो आणि म्हणतो, बापरे, किती अवघड वाट! आणि पुढे जातो. पण मंत्रात एक शब्द आहे, ‘निशिता’. म्हणजे घासून तीक्ष्ण केलेली. धार आपोआप येत नाही, ती कुणीतरी लावलेली असते.

मी सध्या भंडाऱ्यात घरीच जुन्या घडीच्या वस्तऱ्याला धार लावायला शिकतोय. त्यामुळे हा शब्द वाचला आणि तिथेच थांबलो. मनात प्रश्न आला, साधकाने तीक्ष्ण व्हावं का? एकीकडे विवेक तीक्ष्ण हवा म्हणतात, दुसरीकडे संत म्हणजे लोण्यासारखे मऊ. मग यातलं खरं काय?

आधी धार कशी लागते ते बघू. वस्तरा दगडावर सपाट टेकवायचा, पाठ आणि धार दोन्ही दगडाला लागल्या पाहिजेत. कोन आपण ठरवायचा नाही, पात्याची पाठच तो ठरवते. सुरुवात १००० नंबरच्या दगडावर, मग ३००० किंवा ५०००, शेवटी ८०००. दगडावर धार पुढे ठेवून वस्तरा सरकवतात. चामड्याच्या पट्ट्यावर मात्र उलट, पाठ पुढे. तिथे धार पुढे ठेवली तर पट्टाही कापला जातो आणि धारही जाते.

यात दोन गोष्टी लक्षात येतात. पहिली, पात्यात बाहेरून काहीच भरलं जात नाही. फक्त जास्तीचं पोलाद झिजतं. दुसरी, दगड जसजसा बारीक होत जातो तसतसा हाताचा दाब कमी करायचा असतो. शेवटी तर वस्तऱ्याचं स्वतःचं वजन पुरतं. जोर लावला की धार बिघडते.

अजून एक. वापरून वापरून दगड मधे खोलगट होतो, म्हणून त्यालाही अधूनमधून घासून सपाट करावं लागतं. याच मंत्रात जाणत्यांकडे जाऊन शिकायला सांगितलंय. जो दुसऱ्याला धार लावतो त्याने स्वतःलाही घासून घ्यायला हवं, हे मला या दगडाने शिकवलं.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. दाढी करताना जास्त जखमा बोथट वस्तऱ्याने होतात. तो चालत नाही, म्हणून आपण दाबतो, आणि कातडी सोलली जाते. चांगली धार असेल तर हलका हात पुरतो. विवेकाचंही तसंच आहे ना? ज्याला नीट कळलेलं नसतं तोच आवाज चढवतो. कमेंटमध्ये शास्त्राच्या नावाने एकमेकांना ओरबाडणारे आपण बोथट असतो, तीक्ष्ण नाही.

वस्तरा ही धर्माच्या वाटेवरची जुनीच वस्तू आहे. बौद्ध भिक्षूने जवळ ठेवायच्या आठ वस्तूंमध्ये तो येतो. आपल्या जिल्ह्यात पवनीला १९६९-७० च्या उत्खननात प्राचीन स्तूप सापडले. तिथल्या भिक्षूंच्या सामानातही तो असणारच. आणि वारकरी परंपरेतले संत सेना महाराज तर न्हावीच! त्यांनी आपल्या धंद्याचं रूपक करून अभंग रचला. त्यात त्यांनी आरशाला विवेक आणि चिमट्याला वैराग्य म्हटलं. उपनिषद वाचणाऱ्या कितीतरी जणांनी धार कधी हाताने लावली नव्हती. ज्यांना ती लावता येत होती, त्यांना समाजाने खालच्या पायरीवर बसवलं. ही गोष्ट आपल्याला टोचली पाहिजे.

पण धारेची खरी परीक्षा पुढे आहे. त्या काळी अनेक घरांत विधवेचं केशवपन हाच धर्म मानला जायचा. १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिकांनी सभा घेतली आणि हे काम करायचं नाही असं ठरवलं. हातावर पोट असलेल्या माणसांनी मिळकतीवर पाणी सोडलं. शास्त्राचे दाखले देणारे पुष्कळ होते, पण हा वस्तरा इथे चालवायचा नाही, हे वस्तरा धरणाऱ्यांना कळलं. मला विचाराल तर त्या दिवशी या मंत्राचा अर्थ त्या सभेत जगला गेला.

म्हणून माझं उत्तर असं : साधकाने तीक्ष्ण जरूर व्हावं. पण ती धार आधी स्वतःच्या अहंकारावर चालवावी, दुसऱ्यावर चालवायची वेळ आलीच तर हात हलका ठेवावा, आणि जिथे कुणाची विटंबना होणार असेल तिथे वस्तरा मिटून ठेवावा. मिटून ठेवण्यालाही धैर्य लागतं बरं का!

आजचा अभ्यास : कुणाला काही सुनावण्याआधी स्वतःला विचारा, मला हे नीट कळलंय म्हणून मी बोलतोय, की कळलेलं नाही म्हणून जोर लावतोय?

उद्या पुढचा मंत्र. जय हरी!