ओळखपत्र न मागणारा कायदा

अमेरिकेत एखाद्या दुकानात, हॉटेलात किंवा दवाखान्यात कुणी कुत्रा घेऊन आलं आणि त्या कुत्र्याचं काम वरवर दिसून कळत नसेल, तर तिथल्या कर्मचाऱ्याला कायद्याने दोनच प्रश्न विचारता येतात. हा कुत्रा अपंगत्वामुळे लागणारा सर्व्हिस डॉग आहे का? आणि त्याला कोणतं काम शिकवलेलं आहे? एवढंच. अपंगत्व कोणतं, हे विचारायचं नाही. प्रमाणपत्र मागायचं नाही. ‘काम करून दाखवा’ असं म्हणायचं नाही. अंगावर जॅकेट नाही, गळ्यात बिल्ला नाही म्हणून दारात अडवायचं नाही. अंध माणसाच्या हातात हार्नेसची मूठ दिसत असेल, तर हे दोन प्रश्नही विचारण्याची सोय नाही.

दाखला, झेरॉक्स आणि शिक्का यांच्यात वाढलेल्या आपल्या मनाला हे पटकन पटत नाही. पहिला प्रश्न सुचतो तो एकच: मग खोटं बोलणाऱ्यांचं काय? हा प्रश्न अमेरिकेतही रोज विचारला जातो, आणि सरकारने एक ओळखपत्र काढून सगळा गोंधळ संपवावा, अशी मागणी तिथले व्यावसायिक अनेक वर्षं करत आले आहेत. माझं मत त्या मागणीच्या विरुद्ध आहे. ओळखपत्र नाही ही या कायद्यातली फट नव्हे. कायदा करणाऱ्यांनी ते विचार करून टाळलं आहे, आणि अपंगांच्या हक्कांबद्दल आपल्याकडे नियम लिहिले जाण्याच्या काळात आपण हे समजून घ्यायला हवं.

या हक्काला शंभर वर्षांचा इतिहास आहे. पहिल्या महायुद्धात आंधळे झालेले जर्मन सैनिक हजारोंनी घरी परतू लागले, तेव्हा 1916 मध्ये ओल्डेनबुर्ग इथे त्यांच्यासाठी मार्गदर्शक कुत्र्यांची पहिली शाळा निघाली. डोरोथी हॅरिसन युस्टिस ही अमेरिकी बाई तेव्हा स्वित्झर्लंडमध्ये जर्मन शेफर्ड कुत्री पाळून त्यांना शिकवत असे. जर्मनीतलं काम पाहून तिने 1927 मध्ये ‘सॅटर्डे ईव्हनिंग पोस्ट’मध्ये लेख लिहिला. नॅशव्हिलच्या मॉरिस फ्रँक या अंध तरुणाला तो वाचून दाखवण्यात आला आणि त्याने थेट तिलाच पत्र पाठवलं. 1928 मध्ये तो स्वित्झर्लंडला जाऊन बडी नावाची कुत्री घेऊन परतला. न्यूयॉर्कला उतरल्यावर बातमीदारांच्या देखत त्याने वाहनांनी गजबजलेला वेस्ट स्ट्रीट बडीच्या साथीने ओलांडला. पुढच्याच वर्षी ‘द सीइंग आय’ ही संस्था उभी राहिली. आज ती न्यू जर्सीतल्या मॉरिसटाउनला आहे.

रस्ता ओलांडणं जमलं, पण दारं बंदच होती. हॉटेलं नको म्हणत, रेल्वे कुत्र्याला सामानाच्या डब्यात टाका म्हणे. फ्रँकने पुढची कित्येक वर्षं बडीला घेऊन देशभर फिरत ही दारं एकेक करून उघडली. 1956 पर्यंत अमेरिकेतल्या प्रत्येक राज्याने मार्गदर्शक कुत्र्यासह अंध माणसाला सार्वजनिक जागी जाऊ देणारा कायदा केला होता. शिकवलेला कुत्रा मिळणं हे अर्धं काम. त्याला घेऊन आत जाता येणं हे उरलेलं अर्धं. दुसरं नसेल तर पहिल्याचा काही उपयोग नाही.

हे कुत्रं करतं तरी काय, याबद्दल आपल्याकडे बरेच गैरसमज आहेत. ते मालकाला ‘बाजारात घेऊन जात’ नाही. वाट माणसालाच माहीत असावी लागते. सिग्नलचा रंगही कुत्रा वाचत नाही. गाड्यांचा आवाज ऐकून कधी निघायचं हे माणूस ठरवतो आणि तशी आज्ञा देतो. कुत्र्याचं काम वाटेतला खांब, उघडं गटार, पायरी, डोक्याला लागेल अशी फांदी यांतून वाट काढायचं. आणि त्याच्या शिक्षणातला सगळ्यात अवघड धडा वेगळाच आहे: आज्ञा मोडायचा. मालक ‘पुढे’ म्हणाला, पण समोरून गाडी येते आहे, तर कुत्र्याने जागचं हलायचं नाही. आज्ञाधारकपणा शिकवणं सोपं. कुठली आज्ञा धुडकावायची हे ओळखायला शिकवण्यासाठी महिनोन्महिने घाम गाळावा लागतो, आणि निवडलेल्या पिल्लांतली कित्येक तिथेच गळतात. असा एक कुत्रा तयार करायला हजारो डॉलर लागतात. सीइंग आय पहिल्या कुत्र्यासाठी अंध व्यक्तीकडून फक्त 150 डॉलर घेते आणि माजी सैनिकाकडून एक डॉलर; बाकीचा खर्च देणग्यांतून भागतो.

पुढे कामं वाढत गेली. दाराची घंटा, बाळाचं रडणं किंवा धुराचा अलार्म वाजला की बहिऱ्या माणसाला येऊन स्पर्श करणारी कुत्री आली. चाकाच्या खुर्चीतल्या माणसाची पडलेली वस्तू उचलून देणारी, दिव्याचं बटण दाबणारी आली. रक्तातली साखर घसरू लागली की आधी इशारा देणारी, फिट आल्यावर माणसाजवळ थांबून त्याला सांभाळणारी, आणि युद्धावरून परतलेल्या सैनिकाला दुःस्वप्नातून जागं करणारीही आली. यांतली बरीच अपंगत्वं डोळ्यांना दिसत नाहीत. मालक धडधाकट दिसतो, चालतो, बोलतो, आणि म्हणूनच दारावर त्याच्याकडे संशयाने पाहिलं जातं.

26 जुलै 1990 रोजी झालेल्या ‘अमेरिकन्स विथ डिसॅबिलिटीज अॅक्ट’ने हा हक्क सगळ्या अपंगांना दिला. 2010 मध्ये सुधारलेले आणि मार्च 2011 पासून लागू झालेले त्याचे नियम व्याख्या बरीच आवळतात. सर्व्हिस अॅनिमल म्हणजे कुत्राच (लहान चणीच्या घोड्यांसाठी वेगळी तरतूद आहे), आणि त्याला अपंगत्वाशी संबंधित असं ठरावीक काम शिकवलेलं असलं पाहिजे. जवळ असल्याने नुसता धीर येतो, एवढं पुरेसं नाही. घाबरगुंडीचा झटका येण्याआधी तो ओळखून काही विशिष्ट कृती करणारा कुत्रा या व्याख्येत बसतो. मांडीवर बसून बरं वाटायला लावणारा बसत नाही. म्हणजे कायदा ढिला नाही. त्याने काटेकोरपणा कागदाऐवजी कामावर ठेवला आहे.

आता ओळखपत्राचं पाहू. ते देणार कोण? अमेरिकेत कुत्रा संस्थेकडूनच घ्यावा अशी सक्ती नाही. अपंग माणूस स्वतःही कुत्र्याला शिकवू शकतो. संस्थांच्या याद्या लांब असतात, काही अपंगत्वांसाठी संस्थाच नाहीत, आणि खाजगी प्रशिक्षकाची फी सगळ्यांना परवडत नाही. प्रमाणपत्र सक्तीचं केलं की पहिला बाहेर पडतो तो गरीब माणूस, ज्याने दोन वर्षं खपून आपला कुत्रा घरीच तयार केला. दुसरी गोष्ट, चाकाच्या खुर्चीवर बसून आलेल्या माणसाकडे आपण खुर्चीची पावती मागत नाही. कुत्रा हेही चालण्या-ऐकण्या-जगण्याचं साधनच असेल, तर दिवसातून दहा दारांवर दहा वेळा आपलं अपंगत्व सिद्ध करण्याची सक्ती त्याच माणसावर का?

आणि तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. कागद विकत मिळतो. अमेरिकेत डॉलर मोजले की कुत्र्याचं जॅकेट, बिल्ला, फोटोसह ओळखपत्र आणि ‘राष्ट्रीय नोंदणी’चं सोनेरी प्रमाणपत्र घरपोच देणाऱ्या कंपन्या ढीगभर आहेत. अशा कागदाने कोणताही हक्क मिळत नाही, असं तिथल्या न्याय विभागाने स्पष्ट सांगितलं आहे. तरी धंदा जोरात आहे, कारण दारावरच्या माणसाला कागद पाहिला की समाधान वाटतं. परिणाम उलटा होतो. पाळीव कुत्र्याला मॉलमध्ये मिरवणाऱ्याकडे चकचकीत कार्ड असतं आणि खरा गरजू रिकाम्या हाताने कायदा समजावत उभा राहतो.

दुकानदाराच्या हाती मात्र एक खरं हत्यार आहे आणि ते बहुतेकांना ठाऊकच नसतं. कुत्रा आवरत नसेल आणि मालक त्याला आवरायला काही करत नसेल, किंवा कुत्र्याला घरात घाण न करण्याची सवय नसेल, तर त्याला बाहेर काढता येतं, मग तो कितीही खरा सर्व्हिस डॉग असो. माणसाला मात्र कुत्र्याशिवाय सेवा देऊ करावी लागते. दावा होईल या भीतीने दुकानदार इतरांच्या अंगावर जाणाऱ्या कुत्र्याकडे काणाडोळा करतात आणि मग ‘कायद्याने आमचे हात बांधले’ म्हणतात. हात कायद्याने बांधलेले नाहीत.

तोतयेगिरीचा राग मला त्यांच्याइतकाच येतो, पण कारण वेगळं आहे. तिची सगळ्यात मोठी किंमत अपंग माणूस मोजतो. शिकवण नसलेला कुत्रा दुकानात मार्गदर्शक कुत्र्यावर धावून गेला, तर एका चाव्याने वर्षांची मेहनत मातीमोल होऊ शकते. भेदरलेला कुत्रा पुन्हा हार्नेसमध्ये भरवशाने चालेलच असं नाही. म्हणून कॅलिफोर्नियासारख्या राज्यांनी खोटा दावा करणाऱ्याला दंड आणि कैदही ठेवली आहे. हा उपाय योग्य आहे, कारण तो खोटं बोलणाऱ्याला पकडतो. ओळखपत्राची सक्ती खरं बोलणाऱ्याला आधी पकडते.

विमानाचा अपवाद मी मान्य करते. जानेवारी 2018 मध्ये न्यूअर्क विमानतळावर एक बाई भावनिक आधारासाठी म्हणून मोर घेऊन आली आणि विमान कंपनीने तिला परत पाठवलं. पुढे जानेवारी 2021 पासून अमेरिकी विमानांत शिकवलेल्या कुत्र्यालाच हा हक्क उरला, आणि त्याच्या आरोग्याचा, वागण्याचा, शिक्षणाचा ठरावीक फॉर्म भरून मागण्याची मुभा कंपन्यांना मिळाली. कित्येक तास बंद डब्यात, शेकडो माणसांत, उतरून जायची सोय नसताना एवढी चौकशी रास्त आहे. पण तोच फॉर्म किराणा दुकानाच्या दारात आणणं अन्याय ठरेल.

कार्ड असलं की नकार थांबतात, हेही खरं नाही. जपानने 2002 मध्ये सहाय्यक कुत्र्यांसाठी वेगळा कायदा केला. तिथे मान्यताप्राप्त संस्थेची पारख, कुत्र्याच्या अंगावर खूण, मालकाच्या खिशात कागद, सगळं आहे. तरी नकाराच्या तक्रारी तिथे येतच असतात. इंग्लंडमध्ये टॅक्सीवाल्याने सहाय्यक कुत्र्याला नकार दिला तर दंड होतो, तरी नकार मिळतात. सॅन फ्रान्सिस्को परिसरातल्या एका अंध महिलेला उबरच्या चालकांनी 14 वेळा नाकारलं किंवा त्रास दिला, आणि 2021 मध्ये लवादाने तिला 11 लाख डॉलर देण्याचा आदेश दिला. हा कुत्रा कोण आहे, ही शंका त्या चालकांना असण्याचं कारणच नव्हतं. त्यांना कुत्रा गाडीत नको होता. अशा मनाला कार्ड दाखवून काय होणार?

न्यू जर्सीतल्या आपल्या मराठी मंडळींना हा विषय दूरचा नाही. एडिसनच्या ओक ट्री रोडवरच्या मिठाईच्या दुकानाला, थाळीच्या रेस्टॉरंटला हाच कायदा लागू आहे. मॉरिसटाउनला शिकून निघालेला कुत्रा मालकाच्या पायाशी टेबलाखाली बसणार, आणि ‘इथे अन्न शिजतं’ किंवा ‘बाकीच्या गिऱ्हाइकांना भीती वाटते’ हे कारण चालणार नाही. भीती खोटी नसते. भटक्या कुत्र्यांच्या गल्लीत लहानपण गेलेल्या, रेबीजची इंजेक्शनं घेतलेल्या माणसाची तर नाहीच. पण अशा वेळी दोघांना लांब लांब बसवायचं, एकाला बाहेर घालवायचं नाही, असं कायदा सांगतो. देवळांना मात्र केंद्रीय कायद्यातून सूट आहे. तिथे निर्णय विश्वस्तांच्या मनावर आहे, म्हणूनच माझी त्यांना विनंती आहे. चार कुत्र्यांसह उभ्या असलेल्या दत्ताची तसबीर आपल्या घराघरांत आहे. त्या दत्ताच्या दर्शनाला आलेल्या अंध भाविकाला त्याच्या डोळ्यांसकट आत येऊ द्या.

भारतात अशी कुत्री अगदी मोजकी आहेत. तुटके फूटपाथ आणि भटक्या कुत्र्यांच्या टोळ्या यांतून त्यांना चालवणं कठीण आहे, हे मान्यच करायला हवं. पण 2016 च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या अधिनियमाने 21 प्रकारची अपंगत्वं मान्य केली, आणि त्याच्या मजकुरात मदतनीस कुत्र्याचा उल्लेखही नाही. भारताने 2007 मध्ये मान्य केलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या करारात सजीव साहाय्याची तरतूद आहे. 8 नोव्हेंबर 2024 रोजी राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेचे नियम नुसते शिफारशीवजा ठेवता येणार नाहीत, ते बंधनकारक हवेत, असं ठरवून केंद्र सरकारला नवे नियम करायला सांगितलं.

या नियमांत काम शिकवलेल्या कुत्र्यासह प्रवेशाचा हक्क स्पष्ट शब्दांत यावा, यासाठी अंध आणि अपंगांच्या संघटनांनी आग्रह धरावा, आणि आपण वाचकांनी त्यांच्या मागे उभं राहावं. त्यात बस, लोकल, रिक्षा, दवाखाना, बँक, खाणावळ आणि सोसायटीची लिफ्ट यांची नावं असावीत. कुत्र्याचं काम विचारण्याची मुभा असावी, बेशिस्त कुत्र्याला बाहेर काढण्याचा अधिकार असावा, तोतयाला शिक्षा असावी. आधीच ‘युडीआयडी’ या अपंगत्वाच्या एका कार्डासाठी जिल्हा रुग्णालयाच्या खेपा घालणाऱ्या माणसाच्या माथी कुत्र्याच्या नावाचं दुसरं कार्ड मात्र मारू नये.