वय किती?

आमच्या एका विद्वान मित्राने परवाच्या व्याख्यानात नागपूरच्या त्या 85 वर्षांच्या आजोबांचा दाखला दिला. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, एप्रिल 2021 मध्ये, त्यांनी एका तरुण रुग्णासाठी रुग्णालयातली खाट सोडली आणि घरी येऊन तीन दिवसांत ते गेले, अशी ती गोष्ट. ती घडली तशीच सांगितली गेली का, यावर तेव्हाच रण माजलं होतं. मित्राला त्याचं सोयरसुतक नव्हतं, त्याला सिद्धान्त हवा होता: म्हाताऱ्यांचा डाव खेळून झालेला असतो, खाट तरुणाला द्यावी.

हा डाव उसना आहे. यॉर्कचे अर्थशास्त्रज्ञ ॲलन विल्यम्स यांनी 1997 मध्ये 'पुरेसा डाव' या कल्पनेवर निबंध लिहिला, तेव्हा ते स्वतः सत्तरीला टेकले होते. म्हणजे माणूस स्वतःला वगळून बोलत नव्हता, एवढा मान त्यांना द्यायलाच हवा. पण मित्राने निबंध अर्धाच वाचलेला दिसतो. विल्यम्स यांना खरी टोचणी होती ती विषमतेची: गरीब थरातल्या लोकांच्या वाट्याला निरोगी वर्षं मुळातच कमी येतात, मग झुकतं माप त्यांना का नको? हा हिशेब ऊसतोड मजुरांच्या पाथर्डी-शेवगावला आणा. जन्मभर फडावर मोळ्या वाहिलेल्या साठीच्या बाईला डाव तरी पुरता मिळाला का? व्यासपीठावरचे आम्ही निवृत्तिवेतनवाले मात्र कधीच शतक ठोकून बसलोय. मित्राचं तर्कशास्त्र प्रामाणिकपणे चालवलं, तर पहिली खाट त्याचीच जाईल.

दुसऱ्या लाटेत चुलतीला घेऊन एका रुग्णालयाच्या दारात उभे होतो, तेव्हा पहिला प्रश्न ऑक्सिजनचा नव्हता. 'वय किती?' एवढंच विचारलं गेलं.

म्हणूनच दुर्बलतेची मोजपट्टी हाती आली, तेव्हा वयाला पर्याय सापडला असं मला वाटलं होतं. कॅनडाचे डॉक्टर केनेथ रॉकवुड यांची ही पट्टी 1 ते 9 अशी आहे: 1 म्हणजे ठणठणीत, 9 म्हणजे अखेरचा टप्पा. 2020 मध्ये ब्रिटनमधली दहा आणि इटलीतलं एक अशा रुग्णालयांतल्या 1,564 कोरोनाग्रस्तांवरचा अभ्यास 'लॅन्सेट पब्लिक हेल्थ'मध्ये आला. कोण वाचेल याचा अंदाज वय आणि सोबतचे आजार यांच्यापेक्षा दुर्बलतेवरून अधिक नीट येतो, असा त्याचा निष्कर्ष. जन्मतारीख नव्हे, अंगातली धग मोजा! मी खूश झालो. आपल्याकडेही 'आजी म्हाताऱ्या झाल्या' आणि 'आजी थकल्या' या दोन वेगळ्या गोष्टी आहेतच.

मग पट्टी नीट वाचली. आजाराच्या दोन आठवडे आधी माणूस कसा होता, हे विचारायचं. बाजारहाट, पैशांचे व्यवहार, औषधं, स्वयंपाक यांना मदत लागू लागली की तो पाचाच्या घरात. पण आमच्या आजोबांनी उभ्या जन्मात चहासुद्धा केला नाही. त्यांना दुर्बल म्हणायचं की पुरुष? सुनेच्या हाती किल्ल्या देऊन मोकळी झालेली आजी परावलंबी की सुखी? आणि सांगणार कोण? मुलगा कारखान्याच्या फडावर, नातवंडं आजीच्याच जिवावर, कोविड वॉर्डात तेव्हा नातलगांना मज्जाव. 'काही करत नाही हो ती' असं घरचेच म्हणतात, तीच पहाटे शेळ्यांना पाला घालून पाणी भरत असते. ब्रिटनमध्येही मार्च 2020 मध्ये सरसकट ही पट्टी लावण्याची सूचना निघाली आणि अपंगांच्या संघटनांनी हरकत घेतल्यावर काही दिवसांत ती बदलावी लागली.

तरीही पट्टी टाकून द्या, असं मी म्हणत नाही. कोणाला जास्त हातभार लागेल, कोणाला उठवून बसवायला माणूस हवा, कोणाला एकटं सोडता येणार नाही, हे ती सांगते. तिचं उत्तर खाटेशेजारी माणूस वाढवण्यासाठी वापरा. दारात उभं राहून माणसं गाळण्यासाठी नको.

मित्राला मी नगरच्या जिल्हा रुग्णालयाची आठवण करून दिली. 6 नोव्हेंबर 2021, भाऊबीज, सकाळ. कोविडसाठी नव्याने उभारलेल्या अतिदक्षता विभागाला आग लागली. आत 17 रुग्ण होते, त्यांतले 11 गेले, बहुतेक साठीपुढचे. दुसरी लाट ओसरली होती. दारात कोणी तरुण खाटेची वाट पाहत ताटकळत नव्हता. आत असलेल्यांना खाट मिळालेली होती, ऑक्सिजन मिळालेला होता. उठून पळता येत नव्हतं, इतकंच.

मित्र थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "त्यांची वयं काय होती?"