पाहण्यासारखे

परदेशच्या प्रवासाची जी मार्गदर्शक पुस्तके मिळतात, त्यांत काही स्थळांच्या नावापुढे एक लहानशी चांदणी छापलेली असते. एक चांदणी असली म्हणजे सवड काढून पाहावे; दोन असल्या म्हणजे हे पाहिल्यावाचून परत आलात तर तिकिटाचे पैसे पाण्यात गेले, असे समजावे. ही चांदणी कोणी दिली, कोणासाठी दिली, असे आपण सहसा विचारीत नाही. पाकशास्त्राच्या पुस्तकात ‘मीठ चवीपुरते’ असे लिहिलेले असते, तेव्हा चव निदान आपली असते. येथे चवही छापणाऱ्याचीच! आपला ‘पाहण्यासारखे’ हा शब्दही असाच लबाड आहे. पाहणारा कोण, हे त्यात कोठेच सांगितलेले नाही.

या चांदण्यांशी माझी गाठ पडली ती आमच्या परिचयाच्या एका कुटुंबामुळे. दोघे भाऊ, थोरला अमरावतीस, धाकटा अकोल्यास. मूळचे दर्यापूरकडचे कास्तकार. आईला पंचाहत्तर वर्षे पुरी होणार म्हणून सगळ्यांनी मिळून भूमध्य समुद्रावर सात रात्रींची सफर करावयाची, असा बेत निघाला. लेकी-सुना-नातवंडे धरून माणसे नऊ. एका रविवारी अकोलेकर अमरावतीस येतात, पुढच्या खेपेला अमरावतीकर अकोल्यास जातात, आणि गेले वर्षभर जेवणे आटोपली की सतरंजीवर नकाशा पसरला जातो. मी शाळेत इतिहास शिकवितो, तेव्हा रोमचे बादशहा माझ्या शेजारीच राहत असावेत अशा समजुतीने मलाही बोलावणे असते.

ही सफर म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. बोट रात्रभर चालते आणि सकाळी एका बंदराला लागते. बार्सेलोना, मार्सेय, जिनोआ, चिविताव्हेकिया, नेपल्स. सकाळी उतरावयाचे, सायंकाळी ठरल्या वेळेच्या आत परत चढावयाचे. उशीर करणाऱ्यासाठी बोट थांबत नाही. रोम पाहावयाचे तर चिविताव्हेकियाला उतरून 70-80 किलोमीटर आत जावे लागते. अडीच हजार वर्षांच्या शहराला जाऊन-येऊन आठ-दहा तास! अशा वेळी चांदण्यांवाचून माणसाचे चालावे कसे? दोन इंग्रजी मार्गदर्शके आली. मराठीत मीना प्रभूंची ‘रोमराज्य’, ‘ग्रीकांजली’, ‘तुर्कनामा’, ‘इजिप्तायन’ अशी चार पुस्तके वाचनालयातून आली. सुनांनी ती आधी वाचून काढली, आणि बोट ग्रीसला जातच नाही हे कळल्यावर त्या थोड्या हिरमुसल्या. व्हिसाचे कागद, गुडघ्यांचे पट्टे, युरोचा भाव, शाकाहारी जेवण, सगळे मार्गी लागत होते.

आणि एका रविवारी आई त्या इंग्रजी पुस्तकातली चित्रे उलटीत उलटीत मला म्हणाल्या, “गुरुजी, थे सारं खरं. पन तिथं आपलं कोन हाये?”

मुले हसली. थोरला म्हणाला, “माय, आपलं कोनी नाही म्हून तं हे पुस्तक आनलं.”

उत्तर हजरजबाबी तर होतेच, पण त्यात एक मोठे सत्यही होते. मार्गदर्शक पुस्तक हे ज्याचे तेथे कोणी नाही अशा माणसासाठीच जन्माला आले. पूर्वी परगावी जावयाचे म्हणजे सोयरा तरी हवा, नाहीतर कोणाची चिठ्ठी हवी, किंवा आपल्या कुळाची वही सांभाळणारा क्षेत्रोपाध्याय हवा. ज्याच्याजवळ यांपैकी काही नाही त्याने घरीच बसावे. एकोणिसाव्या शतकात लंडनचा मरे आणि कोब्लेंझचा कार्ल बेडेकर यांनी ही अडचण दूर केली. (बेडेकर म्हटल्यावर वाचकांना लोणचे आठवेल, पण हा बेडेकर जर्मन.) कोठे उतरावे, घोडागाडीवाल्याला किती द्यावे, कोणते चित्र कोणत्या भिंतीवर आहे, हे त्यांनी खिशात मावेल अशा पुस्तकात घातले, आणि कारकून-शिक्षकांसारख्या माणसांना कोणाच्या पाया न पडता देश पाहता येऊ लागले. मी स्वतः मॅट्रिकपलीकडे गेलो नाही. जे काही जग मला ठाऊक आहे ते अशा पुस्तकांच्याच उपकाराने. तेव्हा त्यांची टवाळी करणारांच्या पंक्तीला मी बसणार नाही. 1867 साली न्यूयॉर्कहून ‘क्वेकर सिटी’ नावाची बोट हौशी प्रवासी घेऊन भूमध्य समुद्राच्या सफरीला निघाली. मार्क ट्वेन तीत होता, आणि पुढे आपल्या सहप्रवाशांची त्याने यथेच्छ थट्टा केली. थट्टा वाचताना हसू येते. पण त्याच 1867 साली अकोला-बडनेऱ्यावरून आगगाडी नागपूरला पोचली, आणि पहिल्यांदा डब्यात बसलेल्या आमच्या पणज्याही तितक्याच भांबावलेल्या असतील, हेही मनात येते.

तरी आईंचा प्रश्न काही मनातून जाईना. कारण चांदणीला दुसरीही बाजू आहे. 1942 च्या मार्चमध्ये इंग्रजांनी जर्मनीतले ल्यूबेक हे जुने शहर बाँब टाकून जाळले. सूड म्हणून एप्रिलपासून जर्मन विमाने एक्झेटर, बाथ, नॉरिच, यॉर्क, कँटरबरी या शहरांवर आली. तेथे लढाईचे कारखाने फारसे नव्हते. होती ती जुनी देवळे आणि सुंदर घरे. मार्गदर्शकात चांदण्या मिळालेली इंग्लंडातली प्रत्येक इमारत आम्ही पाडू, अशा अर्थाचे उद्गार जर्मन परराष्ट्र खात्याच्या एका माणसाने काढले, आणि इतिहासात त्या हल्ल्यांना ‘बेडेकर हल्ले’ हेच नाव पडले. पाहण्यासारखे काय याची यादी आणि पाडण्यासारखे काय याची यादी एकच निघाली! ज्याचे तेथे कोणी नव्हते अशा माणसाच्या हाती ती यादी होती.

आजचे उदाहरण एवढे भयंकर नाही. व्हेनिसच्या जुन्या शहराला अगदी खेटून जाणाऱ्या अवाढव्य बोटींना 2021 च्या ऑगस्टपासून मनाई झाली. 2024 सालापासून, गर्दीच्या ठराविक दिवसांत, सकाळी येऊन संध्याकाळी जाणाऱ्यांकडून प्रवेशशुल्क घेतात. त्याच वर्षी बार्सेलोनात लोकांनी उपाहारगृहांत बसलेल्या प्रवाशांवर पिचकाऱ्यांनी पाणी उडविले. भाडी वाढली, रोजच्या सामानाची दुकाने जाऊन तेथे शोभेच्या वस्तूंची दुकाने आली, हे त्यांचे गाऱ्हाणे. मला वाटते, ते लोक आपल्या भाषेत आईंचाच प्रश्न उलटून विचारीत होते: तुमचे इथे कोण आहे?

आता कोणी म्हणेल, हा प्रश्न कोतेपणाचा आहे. आपले कोणी असेल तेथेच जावयाचे म्हटले तर दर्यापूरच्या माणसाने अंजनगावापलीकडे जाऊ नये. तसे म्हणावयाचे तर आहेच. परंतु आमच्या वऱ्हाडाला प्रवासमार्गदर्शकाची एक फार जुनी आणि फार वेगळी परंपरा आहे, तिची आठवण मला येथे होते. महानुभाव पंथाची ‘स्थानपोथी’ पुष्कळांनी नावानेच ऐकलेली असते. डॉ. वि. भि. कोलते यांनी ती संपादिली म्हणून आपल्याला सहज वाचावयास मिळाली. चौदाव्या शतकातली ही पोथी म्हणजे श्रीचक्रधरस्वामी जेथे जेथे गेले त्या जागांची नोंद. गाव कोणते, देऊळ कोणते, त्याचे दार कोणत्या दिशेला, स्वामी बसले कोठे, जेवले कोठे, निजले कोठे. दिशा आणि खुणा इतक्या चोख की हाती पोथी घेऊन आजही माणूस जागा हुडकतो. आणि त्या जागी पाहण्यासारखे काय असते? बहुतेक ठिकाणी एक ओटा. लोक येतात, ओट्याला डोके टेकतात, पुढे जातात. या मार्गदर्शकात चांदणी शिल्पाला नाही, सौंदर्याला नाही. येथे कोणीतरी आपले माणूस बसले होते, एवढ्यालाच आहे.

त्याच चक्रधरांची कथा पाहा. गुजरातेतला हा राजपुत्र वडिलांकडून रामटेकच्या यात्रेची अनुज्ञा घेऊन निघाला. वाटेत आमच्या अमरावती जिल्ह्यातले रिद्धपूर लागले. तेथे त्याला गोविंदप्रभू भेटले, आणि यात्रेचा सगळा बेत बदलला. रामटेक तेव्हाही क्षेत्र होते, चांदणीचे स्थळ होते. रिद्धपूर त्याच्या यादीत नव्हते. आज त्या रिद्धपुरात मराठी भाषेचे विद्यापीठ उभे राहत आहे, ते त्या न ठरविलेल्या मुक्कामामुळे, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

म्हणून मी आईंचा प्रश्न शब्दशः घेतला, आणि तिकडे आपले कोण आहे ते शोधू लागलो. पहिला सापडला तो आपला कापूस. 1861 ते 65 या काळात अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस अडला, आणि वऱ्हाडच्या कापसाला लँकेशायरच्या गिरण्यांत सोन्याचा भाव आला. 1869 च्या नोव्हेंबरात सुएझचा कालवा खुला झाला, आणि आफ्रिकेला वळसा घालण्याऐवजी गाठी भूमध्य समुद्रातून विलायतेला जाऊ लागल्या. दर्यापूरच्या एखाद्या शेतातले बोंड या कुटुंबाच्या दीडशे वर्षे आधी त्या पाण्यावरून जाऊन आले असेल. धाकट्याला हे फार आवडले. आई म्हणाल्या, “कापूस म्हंजे मानूस नोहे.” ते खरेच होते.

माणूस सापडला तो कॅसिनोला. रोम आणि नेपल्स यांच्या साधारण मधोमध हे गाव. 1944 साली तेथे चार मोठ्या लढाया झाल्या, आणि तेथल्या युद्धस्मशानात हिंदी सैनिकांची नावे आहेत. ज्यांचा देहच सापडला नाही अशांची नावे स्मारकाच्या दगडावर कोरली आहेत. त्यांत एक नाव नाईक यशवंत घाडगे यांचे. गाव कुलाबा, म्हणजे आताच्या रायगड जिल्ह्यातले पळसगाव, पलटण मराठा लाइट इन्फंट्री, वय बावीस. 10 जुलै 1944 रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात तुकडीतले सगळे सोबती पडल्यावर ते एकटेच शत्रूच्या मशीनगनवर धावून गेले. गोळ्या संपल्या, तेव्हा बंदुकीच्या दस्त्याने लढले, आणि तेथेच पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. 2023 साली मॉन्टोने नावाच्या इटालियन गावाने त्यांच्या नावाने एक सूर्यघडी उभारली. आमच्या दोन्ही इंग्रजी मार्गदर्शकांत कॅसिनोचा मठ आहे. यशवंत घाडगे नाहीत.

मी हे वाचून दाखविले तेव्हा कोणी हसले नाही. आणि खरी पंचाईत येथून सुरू झाली. नेपल्सला एकच दिवस. इसवी सन 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेलेले पाँपेई त्याच दिवशी पाहावयाचे. त्याला दोन चांदण्या, नातवंडांनी त्यासाठी वर्षभर चित्रे जमविलेली. कॅसिनो उलट्या दिशेला, सुमारे 100 किलोमीटर. दोन्ही होणे नाही. अकोल्याची सून म्हणाली, घाडगे कोकणातले. आपला त्यांचा संबंध काय? प्रश्न मुळीच वावगा नव्हता. कोकणचा माणूस वऱ्हाडात ‘आपला’ होतोच असे नाही, मग इटलीत गेल्याबरोबर तो कसा होतो? आणि मराठी म्हणून तो आपला, तर त्याच परिसरात निजलेले पोलंडचे, न्यूझीलंडचे मुलगे कोणाचे? गावाबाहेरच्या जर्मन स्मशानात वीस हजारांहून अधिक आहेत, ते कोणाचे? त्या समुद्राच्या तळाशी तर असे आहेत की ज्यांची नावेही दगडावर नाहीत. 3 ऑक्टोबर 2013 रोजी लांपेदुसा बेटाजवळ आफ्रिकेतून आसऱ्याला निघालेली एक बोट बुडाली आणि साडेतीनशेहून अधिक माणसे गेली. त्यानंतरही अशा बोटी बुडतच आहेत, आणि त्याच पाण्यावरून दिव्यांनी झगमगणारी आपली बोट रात्री जाणार.

मी येथे ‘सारे जग आपलेच’ असे म्हणून मोकळा होऊ शकलो असतो. सभेत असतो तर टाळ्याही मिळाल्या असत्या. पण जग आपले म्हणणाऱ्या माणसाला कोणासाठी काहीच सोडावे लागत नाही, हे मी पुष्कळदा पाहिले आहे. नाते काहीतरी मागते. घाडग्यांचे नाते पाँपेई मागत होते, आणि तेही नातवंडांचे पाँपेई. म्हाताऱ्या माणसाच्या श्रद्धेसाठी मुलाचे आठ तास काढून घेण्याचा अधिकार कोणाला आहे, हे मला आजही नीट सांगता येणार नाही. सफर आईंच्या नावाची खरी; पण दोन सुनांनी वर्षभर घरखर्चातून पैसे बाजूला टाकले, तेव्हा ती त्यांच्याही नावाची आहे.

दिवाळीच्या आधीच्या रविवारी तिढा थोडा सुटला. नऊजण एकत्र फिरलेच पाहिजेत असे पुस्तकात कोठेच लिहिलेले नाही, हे शोधून काढले ते थोरल्याच्या दहावीतल्या मुलीने. सातजण पाँपेईला जातील. आई आणि थोरला नेपल्सच्या स्टेशनावरून आगगाडीने कॅसिनोला जातील. परतीची गाडी चुकली तर बोट निघून जाईल, आणि दोघांना पुढचे बंदर स्वतःच्या खर्चाने गाठावे लागेल. म्हणून थोरल्याने पारपत्रे आणि औषधे अंगावरच्या पिशवीत ठेवायचे ठरविले आहे. ती मुलगी आता म्हणते, मी आजीबरोबर जाईन. तिची आई अजून हो म्हणालेली नाही. मॉन्टोनेची सूर्यघडी मात्र समुद्रापासून फार आत आहे. ती कोणत्याच बंदराच्या दिवसात बसत नाही.