रिकाम्या खोलींतील जागर

आमच्या आत्याबाई वयाच्या ऐंशीव्या वर्षींही रात्रीं निजण्यापूर्वीं सारें घर एकदां फिरून पाहतात. त्यांचें बालपण कोंकणांत, रॉकेलच्या चिमणीच्या उजेडांत गेलें. रिकाम्या खोलींत दिवा जळत राहिला, तर त्यांस झोंप म्हणून येत नाहीं. गेल्या वैशाखांत अशाच एका फेरींत त्यांना आमच्या संगणकाचा निळा ठिपका लुकलुकतांना दिसला. आम्हांस हांक मारून त्या म्हणाल्या, "अरे, तूं तर निजायला निघालास. मग हें कोणासाठीं जागें ठेवलें आहेस?"

"असूं दे, आत्या. तें बंद करीत नसतात," असें कांहींसें आम्ही पुटपुटलों. वेळ मारून नेण्यास उत्तर पुरेसें होतें. प्रश्न मात्र मनांतून जाईना. घरचा संगणक अहोरात्र चालूं ठेवावा कीं नाहीं, या गोष्टीवर नीतिविचाराचा भार घालणें वाचकांस थट्टेचें वाटेल. आम्हांसही प्रथम तसेंच वाटलें होतें.

"बंद करीत नसतात" या समजुतीस इतिहास आहे. १९४६ सालीं फिलाडेल्फिया येथें लोकांपुढें आलेल्या 'एनिॲक' या अवाढव्य गणनयंत्रांत सुमारें १८,००० व्हॉल्व्ह होते. ते बहुधा तापतांना किंवा निवतांना निकामी होत. म्हणून तें यंत्र शक्य तों बंदच करीत नसत. पुढें हार्ड डिस्कच्या फिरत्या तबकड्यांस वारंवार थांबविणें मानवत नाहीं, असें जाणते लोक सांगूं लागले. व्हॉल्व्ह गेले, बहुतेक नव्या यंत्रांतून तबकड्याही गेल्या; समजूत तेवढी राहिली. रोज एकदां बंद केल्यानें घरगुती संगणकाचें आयुष्य घटेल, ही भीति बाळगण्याचें आतां कारण नाहीं.

मग आम्ही तो चालूं कां ठेवीत होतों? त्यास नुसता आळस म्हणणें पुरेसें नाहीं. यंत्र बंद करावयाचें, म्हणजे पडद्यावर उघडे असलेले दहा कागद एकेक करून मिटावयाचे. हें संपलें, हें उद्यांवर, हें आपल्या हातून होणें नाहीं, असा निवाडा करावयाचा. तो निवाडा आम्हांस नको होता. दिवस तसाच उघडा टाकून आम्ही निजत होतों. शिवाय सकाळीं क्षणभरही न थांबतां सेवा हजर असावी, ही संस्थानिकी हौसही त्यांत होतीच. संस्थानिकाच्या दाराशीं रात्रभर उभ्या राहणाऱ्या हुजऱ्यास निदान पगार द्यावा लागे, आणि त्याची जांभई धन्यास दिसे.

येथें हिशेब मांडणें प्राप्त आहे. टेबलावरचा साधा संगणक कांहीं काम न करतां नुसता जागा राहिला, तरी ५० ते ६० वॅट वीज ओढतो. ६० धरले, तर दिवसाचें जवळजवळ दीड युनिट आणि वर्षाचीं ५२५ युनिटें होतात. लॅपटॉप याहून पुष्कळ कमी घेतो, हें खरें. पण आपल्याकडील वीज अद्याप मुख्यतः कोळशाची असून एका युनिटास सुमारें दोन-तृतीयांश किलो कोळसा जळतो. म्हणजे वर्षाकाठीं ३५० किलो. पन्नास किलोंच्या सात गोण्या! त्या खांद्यावरून जिना चढवाव्या लागत्या, तर आम्ही पहिल्याच आठवड्यांत शहाणे झालों असतों. देवळांतील नंदादीपही रात्रभर निर्मनुष्य गाभाऱ्यांत जळतो, असें कोणी म्हणेल. पण त्यांत तेल घालणारा तें सकाळ-सायंकाळ स्वतःच्या हातानें घालतो, आणि तें कोणासाठीं घालतो हें त्याला ठाऊक असतें.

आमच्या गोण्या दूर जळतात. २,९२० मेगावॅट क्षमतेचें चंद्रपूरचें औष्णिक केंद्र आमच्यासारख्या लाखों घरांसाठीं धडधडत असतें. २००९ सालीं केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानें देशांतील औद्योगिक क्षेत्रांच्या दूषिततेची जी मोजणी केली, तींत चंद्रपूर वरून चौथें होतें. खाणी आणि इतर कारखाने यांचाही त्यांत वांटा आहे. परंतु आमचा नाहीं, असें म्हणण्याची सोय नाहीं.

यंत्र जागें ठेवण्यास सत्कारणही असूं शकतें. 'फोल्डिंग ॲट होम' हा उपक्रम २००० सालापासून प्रथिनांच्या घड्या कशा पडतात याचें गणित घरोघरच्या संगणकांकडून करवीत आला आहे. २०२० च्या करोनाच्या सांथींत लाखों लोकांनीं त्यास आपलीं यंत्रें दिलीं. गणितास जुंपलेला संगणक स्वस्थ बसलेल्या संगणकाच्या दुप्पट-तिप्पट वीज सहज ओढतो, आणि चंद्रपूरच्या धुरास हेतु कळत नाहीं. तरीही असा जागर आम्हांस निंद्य वाटत नाहीं. आत्याबाईंच्या प्रश्नास तेथें उत्तर आहे. आमच्या निळ्या ठिपक्यापाशीं तें नव्हतें.

एका घराच्या सात गोण्यांनीं काय होतें, असें आम्ही स्वतःस पुष्कळदां समजावलें. खुलभर दुधाच्या कहाणींत साऱ्या गांवानें घरचें सगळें दूध ओतलें, तरी महादेवाचा गाभारा भरेना. वासरांस व मुलांस पाजून उरलेलें खुलभर दूध घेऊन आलेल्या म्हातारीनें तो भरला. तेथें मापाला किंमत नाहीं. तें कोणाच्या तोंडचें काढून आणलें, एवढेंच पाहिलें आहे. आमचें मापही लहानच. पण तें चंद्रपूरच्या एखाद्या पोराच्या श्वासांतून काढलेलें, आणि तेंही आमचें सकाळचें एक मिनिट वांचावें म्हणून!

संगणकास 'स्लीप' नांवाच्या अवस्थेंत ठेवलें, तर बहुधा दोन-चार वॅटांत भागतें, आणि उघडे कागदही तसेच राहतात. विजेचा प्रश्न त्यानें बव्हंशीं मिटतो, हें मान्य केलें पाहिजे. आम्ही मात्र तो आतां रात्रीं सरळ बंदच करतों. कागद मिटण्यास पांच-सात मिनिटें जातात. त्यांतले दोन-तीन तर कित्येक महिने उगाच उघडे होते, असें आढळून आलें. आत्याबाईंची फेरी चालूंच आहे. परवां त्यांच्या दृष्टीस इंटरनेटच्या राउटरचा हिरवा दिवा पडला.