वाचता न येणे आणि रिकामे असणे

आमच्या धर्मग्रामाच्या कचेरीत खिडकीजवळच्या मेजावर एक जुना संगणक आहे. त्यावर विंडोज एक्सपी ही २००१ साली बाजारात आलेली ऑपरेटिंग सिस्टिम चालते. ८ एप्रिल २०१४ रोजी तिच्या सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणे थांबले. तेव्हापासून त्या संगणकाला आम्ही इंटरनेट जोडलेले नाही. येणारेजाणारे विचारतात, "फादर, हा डबा अजून कशाला ठेवलात?"

उत्तर सरळ आहे. आमच्या आधीच्या धर्मगुरूंनी कुटुंबपत्रिका, दफनभूमीची यादी आणि स्मरणिकांचा मजकूर ज्या मराठी सॉफ्टवेअरमध्ये टंकित करून ठेवला, ते केवळ याच संगणकावर चालते. त्याची किल्ली म्हणजे संगणकाच्या पाठीमागे रुंद खाचेत बसवलेला एक ठोकळा. तशी खाच आता नव्या संगणकांना नसते. शिवाय त्या सॉफ्टवेअरमधील अक्षरे आजच्या युनिकोडची नाहीत. इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांचे तुकडे बसवून ते फॉन्ट घडवलेले होते. तोच मजकूर नव्या संगणकावर उघडला की 'स्नानसंस्कार' या शब्दाच्या जागी इंग्रजी अक्षरे व विरामचिन्हे यांची रास दिसते. कॅनन लॉच्या ५३५ व्या कलमाने धर्मग्रामाच्या नोंदवह्या नीट जपण्याचे कर्तव्य प्रमुख धर्मगुरूवर सोपवले आहे. कागदी वह्या कपाटात सुरक्षित आहेतच. परंतु जे कागदावर कधी उतरलेच नाही, त्याची जबाबदारी या जुन्या यंत्राच्या गळ्यात पडली आहे.

हे सारे सांगण्याचे कारण म्हणजे आमच्या हातून घडलेली एक चूक. २०१९ सालच्या पावसाळ्यात एक मावशी कचेरीत आल्या. त्यांचे यजमान आदल्या वर्षी वारले होते. परदेशी असलेल्या मुलाने पाठवलेली १ टेराबाइटची एक बाह्य हार्ड डिस्क त्यांनी पिशवीतून काढून मेजावर ठेवली आणि धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवाची छायाचित्रे तीवर भरून मागितली. त्यांचे यजमान तेव्हा गायकवृंदात होते. ती छायाचित्रे जुन्या संगणकात होती. आम्ही डिस्कची तार त्याच्या खाचेत घातली. तार बिनतक्रार बसली.

येथे थोडे थांबून नव्या वस्तूंच्या एका गुणाविषयी सांगितले पाहिजे. मावशींची डिस्क सेकंदाला ५ अब्ज बिट वाहून नेण्याच्या क्षमतेची होती. आमच्या संगणकाची खाच फार तर ४८ कोटींची. तरीही त्या डिस्कने आपला वेग कमी करून जुन्याशी जुळवून घेतले. नव्याने जुन्यासाठी केलेली अशी तडजोड आणखीही आढळते. एक्सपीच्या काळात डिस्कवरील जागा ५१२ बाइटांच्या खणांत मोजत, आणि खणांचे क्रमांक ३२ बिटांत मावतील एवढेच असत. त्यामुळे सुमारे २ टेराबाइटच्या पलीकडची जागा त्या सिस्टिमला गणताच येत नाही. ३ टेराबाइटच्या डिस्का निघाल्या तेव्हा त्यांपैकी काहींना कारागिरांनी ४०९६ बाइटांचे मोठे खण दाखवायला शिकवले, म्हणजे थोड्या क्रमांकांत जास्त जागा बसेल. ज्याची बोटांवरची मोजणी दहावर संपते, त्याच्यासाठी फळांच्या टोपल्या मोजायला ठेवाव्यात, तसे हे झाले. नव्याला आपण उगाचच उर्मट म्हणतो.

परंतु तार बसली म्हणजे भाषा जुळली असे नव्हे. मुलाने डिस्क 'एक्सफॅट' नावाच्या मांडणीत तयार केली होती. ही मांडणी २००६ साली आली, म्हणजे एक्सपीनंतर पाच वर्षांनी. एक्सपीला ती ओळखता यावी म्हणून २००९ साली एक पुरवणी निघाली होती; आमच्या संगणकावर ती कोणी घातलीच नव्हती. पडद्यावर खिडकी उघडली. तीत इंग्रजीत लिहिले होते, त्याचा अर्थ असा: डिस्क फॉरमॅट केलेली नाही, आता करायची का?

नवी कोरी दिसणारी डिस्क. आम्ही 'होय' दाबले. मग सुमारे ९ गिगाबाइट छायाचित्रे तीवर उतरवली आणि आशीर्वाद देऊन ती मावशींच्या हाती दिली.

ती डिस्क कोरी नव्हती. मुलाने तीत घरातील बारा वर्षांची छायाचित्रे आणि वडिलांच्या आवाजातील काही ध्वनिमुद्रणे ठेवली होती.

सेमिनरीत नीतिशास्त्राच्या तासाला आम्ही अज्ञानाचे प्रकार पाठ केले होते. संत थॉमस अक्वायनस यांनी आपल्या 'सुम्मा' या ग्रंथात केवळ न जाणणे आणि जाणून घेण्याचे कर्तव्य असूनही न जाणणे, असा भेद केला आहे. पहिल्यात दोष नाही. दुसऱ्यात असू शकतो. एक्सपीचे अज्ञान पहिल्या जातीचे. २००१ साली घडलेल्या वस्तूने २००६ सालची लिपी कशी वाचावी? आमचे मात्र दुसऱ्या जातीचे. डिस्कवर काय आहे एवढा एक प्रश्न समोर बसलेल्या मावशींना विचारायला कितीसा वेळ लागला असता? शेजारच्या खोलीतल्या नव्या संगणकाला ती दोन मिनिटे जोडून पाहता आली असती. दुसऱ्याची ठेव हाती घेणाऱ्याने आपल्या हत्याराची मर्यादा जाणणे हे त्याचे कर्तव्य आहे. 'आम्हांला ठाऊक नव्हते' हे वाक्य आम्ही पापनिवेदनाच्या वेळी असंख्य वेळा ऐकले आहे, आणि त्यावर कधीकधी थोडे कठोरपणे प्रश्नही केले आहेत.

आम्ही मावशींच्या घरी जाऊन झालेला प्रकार सांगितला. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "फादर, त्या मशिनला वाचता येत नव्हतं, तर त्याने तसंच सांगायचं होतं. कोरी आहे असं कशाला सांगायचं?"

या प्रश्नाने आम्हांला पुष्कळ दिवस अस्वस्थ केले. 'मला हे वाचता येत नाही' आणि 'येथे काही नाही' या दोन वाक्यांत आकाशपाताळाचे अंतर आहे. पहिले वाक्य बोलणाऱ्याविषयी आहे, दुसरे समोरच्याविषयी. यंत्राने ती एक केली. पण यंत्राला तसे करायला माणसानेच शिकवले, आणि 'होय' माणसानेच दाबले. कानात तार घालून मिस्साला मागे उभ्या राहणाऱ्या मुलांविषयी 'यांच्यात श्रद्धा म्हणून काही नाही' असे आम्ही धर्मग्राम समितीच्या बैठकीत किती सहज बोललो आहोत! तिकडे तीच मुले आजीच्या वाडवळी लग्नगीतांना 'त्यात काय आहे?' म्हणून हसतात.

फादर स्टीफन्स यांच्या ख्रिस्तपुराणाचीच गोष्ट घ्या. भाषा मराठी, छंद ओवीचा. परंतु १६१६ साली ते छापले गेले रोमन लिपीत, कारण देवनागरीचे खिळे तेथे नव्हते. १९०७ साली मंगळूरला निघालेली आवृत्तीही रोमन लिपीतच होती. पुण्याहून देवनागरी आवृत्ती छापून निघाली ती १९५६ साली. मधल्या काळात ज्याला केवळ देवनागरी येत होती अशा मराठी वाचकाच्या हाती ते छापील पुस्तक दिले असते, तर त्याच्या दृष्टीने त्यात मराठीचे एक अक्षरही नव्हते.

नव्या द्राक्षारसाचा आणि जुन्या बुधल्यांचा दाखला आमच्या लक्षात आहे, आणि काही मित्रांनी तो ऐकवून जुना संगणक भंगारात देण्याचा सल्लाही दिला. आम्हांला तो पटला नाही. जुने यंत्र जे वाचते ते नव्याला वाचता येत नाही, हे वर आलेच आहे. प्रामाणिक मार्ग एवढाच दिसतो की दोघांना थेट न जोडता मध्ये दुभाषा ठेवावा. आता आम्ही जुन्या मांडणीची एक लहान डिस्क केवळ ने-आण करण्यासाठी वापरतो. ती दोन्ही संगणकांना कळते. लोकांच्या डिस्का नव्या संगणकालाच जोडतो, आणि जोडण्यापूर्वी तीत काय आहे ते विचारतो. जुना मजकूरही एकेक पान युनिकोडमध्ये उतरवण्याचे काम दोन शिक्षिकांनी हाती घेतले आहे. काम रेंगाळते आहे, कारण जोडाक्षरे हमखास चुकतात.

राहिली मावशींची डिस्क. एक्सपीचे फॉरमॅट डिस्कवरील मजकूर पुसत नाही. बहुतांशी त्याची सूची तेवढी नव्याने मांडते. त्यामुळे जाणकाराने पुष्कळशी छायाचित्रे परत काढली. जे खरोखर नष्ट झाले ते आमच्या ९ गिगाबाइटांखाली गाडले गेले, म्हणजे सुवर्णमहोत्सवाच्या छायाचित्रांखाली. ध्वनिमुद्रणांपैकी एकच मिळाले, तेही अर्धवट. छायाचित्रे आली ती नावांविना, तारखांविना, एकाच ढिगात.

त्या वर्षीच्या नाताळापर्यंत दर गुरुवारी संध्याकाळी मावशी कचेरीत येत. त्या सांगत आणि आम्ही लिहून घेत: ही धाकटीची प्रथम ख्रिस्तप्रसाद घेतानाची, ही दिराच्या घरभरणीची, ही कुणाची कोण जाणे. त्या शेवटच्या प्रकारची सदतीस निघाली. ती आम्ही वेगळी ठेवली आहेत.